मशीन क्रमांक २८५६३८३३

८ फेब्रुवारी

प्रिय बाक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा आहेस हे तुझ्या लेकीकडून कळलं. तुझ्याकडून कळायची वाट बघत बसले असते तर माझे केस पिकले असते. ते पिकलेच आहेत म्हणा, पण त्याला तू एकटा जबाबदार नाहीस. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. कागद वाचून 'हं' म्हणालास तरी मला ऐकू येणार नाही.

पहिली बातमी. आपलं जुनं मशीन गेलं. परवा तंत्रशाळेची माणसं येऊन घेऊन गेली. दातेरी चाकं पूर्वी हाताने कशी कापायचे, ते मुलांना दाखवायला ठेवणार आहेत. त्यांनी मलाही दोन तास येऊन बोलायला सांगितलंय, म्हणजे मशीन आणि मी दोघंही एकदमच संग्रहात जमा झालो. नवीन मशीन संगणकावर चालतं. किती दात हवेत तो आकडा दिला की चाक कापून हातात देतं. तबकडीची भोकं मोजायला नकोत की हँडलचे फेरे मोजायला नकोत. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि ते कधी चुकतंय याची वाट बघते. अजून चुकलेलं नाही. मला त्याचा थोडा रागच येतो.

जुनं मशीन जाण्याआधी मी त्याची क्रमांकाची पितळी पट्टी तेवढी काढून घेतली. चार स्क्रू, चारही गंजून बसलेले. तेल सोडून अर्धा दिवस थांबले, मग एकेक करून सुटले. पट्टी पुसली आणि आकडा पुन्हा लख्ख दिसला. २८५६३८३३. दोन कोटी पंच्याऐंशी लाख त्रेसष्ट हजार आठशे तेहतीस. मला आमच्या कारखान्याचा फोन नंबर विचारला तर वहीत बघावा लागतो, पण हा नाही.

दुसरी बातमी म्हणजे तुझी लेक. दोन दिवस राहून गेली. पोरगी गणित शिकते म्हणून मी जरा दबकूनच होते, पण आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या आणि तेलाचे डबे लावून दिले. मग विचारते, "आत्या, तू बाबांना बाक्या का म्हणतेस? त्यांना विचारलं तर ते विषय बदलतात."

मग मी तिला सगळा खेळ सांगितला. चाकांची जोडी जुळवायची तर आधी आकडा फोडावा लागतो, म्हणून बाबा दिवसभर आकडे फोडत बसायचे. जो कुणाच्याच पाढ्यात येत नाही, त्याला शाळेत मूळ संख्या म्हणतात आणि आपल्या कारखान्यात 'हट्टी' म्हणायचे. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बाबा आकडा ओरडायचे. फोड मी सांगायची. भाग जात नसला की किती उरतात ते तू सांगायचास, आणि तेही इतक्या जोरात की गिऱ्हाईक दचकायचं. "तेराने?" "बाकी चार!" पाच वर्षांचा होतास तेव्हापासून. नाव पडायला आणखी काय लागतं?

तिला तुझ्या वह्याही दाखवल्या. सहाच्या सहा आहेत, कपाटात, वरच्या फळीवर. तू पंधरा वर्षांचा होतास त्या सुट्टीतल्या. मशीनचा क्रमांक हट्टी आहे की नाही, हे ठरवायला तू आकड्यामागून आकडा घेऊन भागत सुटला होतास. बाहेर पोरं खेळायची आणि तू त्या स्टूलावर, मशीनच्या शेजारी, कानामागे पेन्सिल. लेक पानं उलटत राहिली. म्हणाली, "हे सगळं हाताने?" मी म्हटलं, "मग काय पायाने?"

नंतर ती तक्त्यापुढे बराच वेळ उभी होती. मी केलेला मूळ संख्यांचा तक्ता अजून तिथेच आहे, खिडकीशेजारी. कागद पिवळा पडलाय, बाकी धड आहे. मग आम्ही जेवलो.

जाताना स्टेशनवर तिने जे सांगितलं त्यासाठी खरं तर हे पत्र. तुमच्याकडच्या मोठ्या माणसांच्या शाळेत, संध्याकाळच्या वर्गाला गणित शिकवायला तुला विचारलंय म्हणे. एकदा नाही, तीनदा. आणि तू तिन्ही वेळा नाही म्हणालास. कारण काय, तर "माझ्या हाताचा भरवसा नाही." शिवाय पुस्तक शिवायला घेण्याआधी तू त्याचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, तीन-तीनदा मोजतोस असंही ती म्हणाली. बाक्या, तीस वर्षं पुस्तकं बांधतोयस. एकाही पुस्तकाचं पान उलटं लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी तुझ्या वह्या तपासायला घेतल्या आहेत. सगळे भागाकार, पहिल्यापासून. का म्हणून विचारू नकोस. नवीन मशीन चुकत नाही, मला काहीतरी उद्योग हवा. सध्या १३७ पर्यंत आले आहे.

शाळेला काय कळवतोस ते लिही. थंडी कमी झाली आहे. गुडघा दुखतो, पण ते त्याचं रोजचंच. बाकी सर्व ठीक.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. मशीन गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तंत्रशाळेत गेलं हे त्यातल्या त्यात बरं, भंगारात गेलं असतं तर अधिक वाईट वाटलं असतं. पट्टी तूच ठेव.

वह्यांचं मात्र ऐक. त्या रद्दीत घाल. मागेच घालायच्या होत्या. लेकीला त्या दाखवायची काही गरज नव्हती.

तू कदाचित विसरली असशील, म्हणून लिहितो. मी ५३३३ पर्यंत भागून बघितलं. त्यापुढे जायची गरज नव्हती, कारण ५३४५ चा वर्ग आपल्या आकड्याच्या पुढे जातो. कशानेच भाग गेला नाही, म्हणून मी गणिताच्या मासिकाला कळवलं की आमच्या मशीनचा क्रमांक मूळ संख्या आहे. त्यांनी ते छापलं, माझ्या नावानिशी. बाबांनी तो अंक आठ दिवस खिशात घालून फिरवला. पुढच्या अंकात एका निवृत्त भूमापकाचं पत्र आलं. पत्र म्हणजे एकच ओळ: 'कृपया ३६०७ ने भागून पाहावे.' गृहस्थाने आयुष्यभर जमिनी मोजल्या असणार, शब्दही मोजूनच वापरले.

बाबांनी दोन गिऱ्हाइकांसमोर खडू घेऊन फरशीवर भागाकार केला. ७९१९, बाकी शून्य. माझं नाव बाक्या, आणि आयुष्यात एकदाच बाकी उरली नाही ती नेमकी मला दिसली नाही.

मी घरात जाऊन वही आणली. ३५९३, बाकी ३०७६. त्याच्या खाली ३६१३, बाकी ३०६८. मध्ये ३६०७ नाहीच. मग तुझ्या तक्त्यात बघितलं. तिथे ती होती, स्वच्छ, ओळीत एकटी. आंधळ्यालाही दिसावी अशी. ताई, मी त्या तक्त्यावर बोट ठेवून एकेक आकडा उतरवला होता. बोट ठेवूनही मला ती दिसली नाही. भागाकार चुकला असता तर मी म्हटलं असतं, घाई झाली. पण समोर असलेलं न दिसणं हे वेगळंच काहीतरी आहे. तेव्हापासून मी माझ्या बोटाचं ऐकत नाही.

बाबा काही ओरडले नाहीत. "सातशे दात नीट कापले आणि एक राहिला, तर ते चाक नसतं, भंगार असतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मशीनजवळचं माझं स्टूल त्यांनी तुला दिलं. ते बरोबरच केलं त्यांनी. तू कारखाना उत्तम चालवलास, हे मी मनापासून लिहितो आहे.

आता शाळेचं. तिथे एक रुग्णवाहिकेचा चालक येतो, धुलाईच्या दुकानातल्या एक बाई येतात, दोघं बेकरीत पहाटेपासून राबून येतात. सगळ्यांनी एकदा शाळा सोडलेली आहे. त्यांच्यापुढे फळ्याशी उभा राहून मी काहीतरी गाळलं, तर ती माणसं स्वतःलाच दोष देतील आणि पुन्हा यायची नाहीत. एवढी जोखीम मी घेणार नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मार्चअखेर पक्कं कळवायचं आहे. नाही असंच कळवीन.

गुडघ्याला शेक दे. वह्या टाकून दे.

आपला
भाऊ


२२ मार्च

बाक्या,

आशीर्वाद या पत्राच्या शेवटी देणार आहे. तोवर तुला ते हवेसे वाटले तर घे.

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मला आधी काम पुरं करायचं होतं. ते काल झालं. ५३३३, बाकी २८५. बरोबर आहे.

एकूण सातशे दोन भागाकार. दोन, तीन आणि पाच यांनी तू भागायच्या भानगडीत पडला नव्हतास, ते नुसतं बघूनच कळतं. उरलेले सगळे मी हाताने केले, संगणकाला हात लावला नाही. तुझं उत्तर आधी कोऱ्या कागदाने झाकायचे, माझं काढायचे, मग कागद सरकवायचे. सातशे दोन वेळा कागद सरकवला. एकोणीस वेळा उत्तर जुळलं नाही. प्रत्येक वेळी मी मनात म्हटलं, सापडलास! पुन्हा करून बघितलं की चूक माझी निघायची. एकोणीसच्या एकोणीस माझ्या. तुझी एक नाही. पंधरा वर्षांचं पोर, उन्हाळ्याचे दिवस, शेजारी मशीनचा खडखडाट, आणि सातशे दोन भागाकारांत एकही चूक नाही. मी चाळीस वर्षं कारागीर बघतेय, असा हात माझ्याकडे कधी कामाला आला नाही. माझा स्वतःचाही तसा नाही.

आता ३६०७.

तक्ता मी कसा केला ते तुला माहीत आहे. जुन्या आराखड्यांच्या कोऱ्या पाठीवर, एका ओळीत दहाच्या टप्प्यातले चारच आकडे. एक, तीन, सात आणि नऊने संपणारे, कारण दोन आणि पाच सोडले तर बाकीचे हट्टी असूच शकत नाहीत. मग तीनचे सगळे खोडायचे, सातचे, अकराचे, तेराचे, असं पुढे. खोडता खोडता एखाद्या ओळीतले चारही उडाले की मी तिच्यावरून पट्टी धरून एकच सरळ रेघ ओढायचे, म्हणजे पुन्हा नजर नको जायला. २०१, २०३, २०७, २०९, अशी ओळ. चारही गेले, ओढ रेघ. सहाशे ओळी होत्या, बाक्या, आणि मला त्या रेघा ओढायला आवडायचं. तेवढीच त्या कामातली गंमत होती.

३६०१ तेराने जातो. ३६०३ तीनने जातो. ३६०९ पण तीनने. मी तिन्ही खोडले आणि चारही गेले असं समजून पट्टी धरली.

म्हणजे तू उतरवलास तेव्हा ३६०७ वरून रेघ होती. तुला ती दिसली नाही असं झालंच नाही. ती खोडलेली दिसली आणि तू ती सोडलीस, जशी सोडायला हवी होती तशी. तुझं बोट बरोबर होतं.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि चहा करून आले. कारण एवढंच असतं तर ती नुसती चूक होती आणि मी तुला ती त्याच दिवशी सांगितली असती. आपण हसलो असतो, बाबांनी मला दोन शब्द सुनावले असते, संपलं असतं. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की तू घरात जाऊन वही आणलीस. तुला वही शोधायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी तक्त्याकडे बघितलं आणि मला रेघ दिसली. बाबा खाली फरशीवर वाकून गिऱ्हाइकांना भागाकार समजावत होते. आराखड्यांच्या टेबलावर रबर होतं.

मी ३६०७ पुरती रेघ पुसली. कागदावर फुंकर मारली. तू आलास तेव्हा मी तेलाचा डबा हातात घेऊन उभी होते.

तू तक्त्याकडे बघितलंस, वहीकडे बघितलंस, पुन्हा तक्त्याकडे. आणि म्हणालास, "मीच गाळली." बाक्या, ते दोन शब्द मला सातशे भागाकारांपेक्षा जास्त पाठ आहेत.

का केलं ते सांगते, सफाई म्हणून नाही, तुला कळायला हवं म्हणून. माझी शाळा बाबांनी सोळाव्या वर्षी सोडवली होती, कारखान्यात हात हवा म्हणून. तुझी सोडवली नाही. मला त्याचा तुझ्यावर राग नव्हता असं वाटायचं, पण होता. माझ्याकडे दाखवण्यासारखा एकच तो तक्ता होता. बाबा गिऱ्हाइकाला बोट करून सांगायचे, "हा माझ्या मुलीने केलाय, मी डोळे मिटून वापरतो." त्या दुपारी मला वाटलं की तुझ्याकडे शाळा आहे, मासिक आहे, पुढचं सगळं आहे, एक चूक तुला सहज परवडेल. मला परवडणार नाही. मला वाटलं तू आठ दिवसांत विसरशील.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं. मी बसले. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण बसताना मला आनंद झाला होता.

मग तू गणित सोडलंस. मग घर सोडलंस आणि एका अनोळखी माणसाकडे बांधणी शिकायला लागलास. प्रत्येक वेळी मी ठरवायचे, आता सांगते. बाबा गेले त्या दिवशी तू मागच्या दाराशी एकटा उभा होतास. मी तुझ्याजवळ आले, तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेतोस का?" ती रेघ पुसल्याला एकेचाळीस वर्षं झाली. ती पण हट्टीच संख्या निघाली.

तुझ्या लेकीने मला पकडलं. ती तक्त्यापुढे बराच वेळ उभी होती असं मी तुला लिहिलं आणि मग आम्ही जेवलो असंही लिहिलं. मधलं गाळलं. गाळण्यात मी तुझ्यापेक्षा पुष्कळ पटाईत आहे. खिडकीतून तिरपा उजेड येत होता तिथे उभी राहून ती ३६०७ वरून बोट फिरवत होती. म्हणाली, "आत्या, इथे रेघ होती का गं? खाच लागतेय." पेन्सिल मी तेव्हाही दाबूनच चालवायचे. शिसं पुसलं जातं, खाच राहते. मी तिला म्हटलं, "भूक लागली असेल ना?" तिने माझ्याकडे बघितलं, मग तुझ्या वह्यांकडे, आणि ताटं घ्यायला गेली. तिला समजलंय. तुला तिने सांगितलं नाही, कारण ते मी सांगायचं होतं. पोरगी चांगली वाढवली आहेस.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कुणी त्या वेळी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपला आकडा चारने भागला तर बाकी एक उरते. चारने भागून एक उरणारी संख्या हट्टी असेल, तर ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. तेरा म्हणजे चार अधिक नऊ. एकोणतीस म्हणजे चार अधिक पंचवीस. कितीही मोठी घे, सूट नाही. आता एकवीस घे. चारने भागून एकच उरतो, पण कुठलेही दोन वर्ग मिळव, एकवीस होत नाहीत. कारण तो तीन आणि सात यांचा आहे, आणि त्या दोघांना चारने भागलं की तीन-तीन उरतात. आपला आकडा त्यातलाच. ३६०७ ला चारने भाग, तीन उरतात. ७९१९ ला भाग, तीन उरतात. दोघांचा गुणाकार केला की वर दिसायला एकच. पोरीने हे डब्याच्या झाकणावर खडूने लिहून दाखवलं आणि मी ते अजून पुसलेलं नाही.

आणखी एक. हट्टी संख्यांची ओळीने मोजदाद केली तर ३६०७ पाचशे चारवी येते. आणि ७९१९ बरोबर हजारावी. एक कमी नाही, एक जास्त नाही. आपल्या मशीनच्या पोटात हजारावी हट्टी बसली होती आणि आपण दोघं तिच्याशेजारी जेवणाचे डबे ठेवत होतो.

तेव्हा तुझा शोध पुरता खोटा नव्हता. तू म्हणालास की मशीनचा क्रमांक हट्टी आहे. तो एका हट्टीचा नव्हता, दोन हट्टींचा होता. दोघांनी मिळून एवढा मोठा आकडा केला आणि त्यांना कुणीही तिसरा फोडू शकत नाही. हे मी कुठल्या घरातल्या दोन हट्टींचं सांगतेय ते तुला कळलं असेलच.

आता काय केलंय ते ऐक. काल मी ती ओळ पुन्हा खोडली. त्याच खाचेतून पेन्सिल नेली, पट्टी लावून, ३६०१ पासून ३६०९ पर्यंत. तक्ता तू उतरवलास त्या दिवशी होता तसा झाला आहे. खाली शाईने लिहिलंय: 'ही ओळ मी चुकून खोडली आणि मग मुद्दाम पुसली. भाऊ चुकला नव्हता.' खाली सही केली. कारखान्यातल्या सगळ्यांना जमवून वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा रेघेचं काय?" त्याला मी दिवसभर चाकांचे दात मोजायला लावलं.

मी तुझी माफी मागते. मिळेलच असं धरून चाललेले नाही. रागाव. हवा तेवढा वेळ रागाव, मला पोचेल. पण शाळेला आधी 'हो' कळव आणि मग रागाव. दोन्ही कामं एकदम करता येतात, आपल्या घरात सगळ्यांनी केली आहेत. त्या चालकाला, त्या धुलाईवाल्या बाईंना, त्या बेकरीवाल्यांना असाच माणूस हवा. समोर जे आहे तेच बघणारा आणि जे बघितलं तेच लिहिणारा. मार्च संपायला नऊ दिवस आहेत. पत्र तीन दिवसांत पोचेल, म्हणजे तुझ्याकडे सहा. मुख्याध्यापिकाबाईंना मी फोन केलेला नाही. करायचा मोह झाला होता, पण तुझ्या वतीने मी एकदा एक गोष्ट ठरवली होती, ती पुरे.

मशीन गेलं त्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिलाय. तिथे तुझं स्टूल ठेवलंय. मशीनची पितळी पट्टी या पाकिटात घातली आहे, आता 'तूच ठेव' म्हणू नकोस. वह्या टाकणार नाही. त्या बांधायच्या आहेत आणि मला एक चांगला बांधणीवाला माहीत आहे.

३६०७ वरची रेघ तशीच राहील. ती मी आता पुसणार नाही, कुणाला पुसू देणार नाही. रबर टेबलावर आहे. पुसायची असेल तर तू ये आणि तुझ्या हाताने पूस.

आजवरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी 'बाकी सर्व ठीक' असं लिहीत आले. ते लिहून सुटता यायचं. आज ते लिहीत नाही. आपला खेळ आठव. आकडा बाबांचा, फोड माझी.

फोड सांगून झाली. बाकी तू सांग.

अनेक आशीर्वाद.

रेघ ओढणारी आणि पुसणारी,
तुझी
ताई